दर पावसाळ्यात कातडी बांधणीच्या पुस्तकावर बुरशी येते: काय तपासायचं आणि हात कधी आवरायचा

आधी लक्षणं.

– आर्द्रा नक्षत्र सरता सरता कपाट उघडलं की कुबट वास येतो. पुस्तक नाकाशी धरलं तर जास्तच.
– पाठीवर आणि कोपऱ्यांवर, म्हणजे पुस्तक काढताना जिथे बोटं लागतात तिथेच, पांढरट-हिरवट साय धरते.
– ती पुसली की जाते आणि तीन आठवड्यांत त्याच जागी परत येते.
– कातडं चिकट लागतं. शेजारचं पुस्तक ओढलं की चर्र आवाज करत सुटतं.
– पानं सादळून लाटालाटांची होतात, पुस्तक पूर्ण मिटत नाही.
– हाताला विटकरी भुकटी लागते. (हे दुखणं वेगळं आहे. खाली त्याच्याबद्दल लिहिलंय.)
– बारीक गोल भोकं आणि फळीवर पिठासारखा भुसा. (हेही वेगळं, हे काम किड्यांचं.)

आमचं घर गुहागरला, खालचा पाट या भागात. समोर रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. आजोबांनी मुंबईत जुन्या बाजारातून घेतलेली ड्यूमाच्या ‘थ्री मस्केटिअर्स’ची एक इंग्रजी प्रत घरात आहे. कादंबरी १८४४ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः आली. आमची प्रत अर्थातच बरीच नंतरची. पाठ आणि कोपरे तपकिरी कातड्याचे, पुठ्ठ्यावर अबरीचा, म्हणजे रंगीत लाटांच्या नक्षीचा कागद, पाठीवर सोनेरी अक्षरं. पहिलं पान कधीच गेलंय, त्यामुळे साल नाही. बाजारभाव फार नसावा. पण ही प्रत मी सलग अकरा पावसाळे पुसली आणि अकराही वेळा बुरशी परत आली. पुढे गावातल्या एका जुन्या वकिलांच्या घरची कायद्याची कातडी पुस्तकं माझ्याकडे आली, मग आणखी दोन घरची. सगळीकडे तेच दुखणं आणि जवळजवळ सगळीकडे तेच कारण. पुस्तकाचं नाव तिघा मस्केटिअर्सचं असलं तरी गोष्ट खरी चौथ्याची, दार्तान्यांची आहे. बुरशीचंही तसंच. पुस्तक, कपाट आणि पाऊस या तिघांना आपण दोष देत बसतो, चौथा मागे उभा असतो.

तपासण्या फुकटापासून महागाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका. मी मोडला होता. कपाट आधी घेतलं आणि भिंत शेवटी पाहिली.

१. काहीच करू नका

गणपतीला बंद घर उघडलं जातं, चाकरमानी मंडळी कपाटं उघडतात आणि पहिलं काम म्हणजे ओलं फडकं. पुस्तकांचं सगळ्यात जास्त नुकसान त्या दोन दिवसांत होतं. ओल्या फडक्याने बुरशी जात नाही, कातड्याच्या रंध्रांत चोळली जाते. वर तिला हवं असलेलं पाणीही आपणच देतो. डेटॉल, व्हिनेगर, ब्लीच, स्पिरिट यांतलं काहीही कातड्यावर नको. जुन्या कातड्यावर थेंब पडला की काळा डाग पडतो आणि तो पुन्हा निघत नाही. मी स्पिरिटचा एक थेंब टाकला होता. दार्तान्यांच्या नावाखाली तो अजून आहे.

पुस्तक कोऱ्या कागदात सैल गुंडाळा, बाकीच्या पुस्तकांपासून वेगळं ठेवा आणि हात धुवा. दम्याचा त्रास असलेल्या माणसाने यापुढचं काहीच स्वतः करू नये.

२. पांढरं दिसतं ती बुरशीच आहे का?

हसू नका. माझ्याकडे आलेल्या पुस्तकांपैकी दोन-तीन अशी होती की त्यांच्यावर बुरशी नव्हतीच. कातड्यात मुरलेली चरबी थंड दमट दिवसांत वर येते आणि मेणचट पांढरा थर धरते. तपासणी सोपी आहे. टाचणीच्या टोकाने चिमूटभर पांढरं खरवडून स्टीलच्या चमच्यात घ्या आणि चमचा समईच्या ज्योतीवर जरा वर धरा. वितळून थेंब झाला तर चरबी. न वितळता करपलं तर बुरशी. चरबी असेल तर कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा आणि पुढची तपासणी लक्ष देऊन वाचा, कारण बहुतेक वेळा तेल कुणीतरी लावलेलं असतं.

बुरशी निघाली तर दुसरा प्रश्न: जागी की झोपलेली? कोरड्या मऊ ब्रशचं टोक एकाच ठिकाणी टेकवा. फासली गेली, ओलसर वाटली तर जागी. भुकटी होऊन उडाली तर झोपलेली. जागी बुरशी झाडायची नसते, आधी वाळवून झोपवायची असते. ओली असताना ब्रश मारला की ती सगळ्या पाठीवर पसरते.

३. तेल कोणी लावलं?

घरात विचारा. मोठ्यांना आदराने विचारा, पण विचारा. आमच्याकडे चपलेला, पखवाजाच्या वादीला, दाराच्या बिजागरीला आणि माणसाच्या डोक्याला एकच औषध, खोबरेल. मीही दर श्रावणात पुस्तकाला बोटभर खोबरेल चोळायचो. चार दिवस कातडं झळाळायचं. मग आधीच्या वर्षीपेक्षा दाट बुरशी.

पुस्तकाचं कातडं चपलेसारखं वाकत-दुमडत नाही, त्याला तेलाची गरज जवळजवळ नसतेच. वरून लावलेलं तेल धूळ धरतं, कातडं काळवंडवतं, पुठ्ठ्याच्या कागदावर आणि पुस्तनीवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदावर, पिवळा डाग पाडतं आणि बुरशीला खाऊ होतं. बुटाचं पॉलिश त्याहून वाईट. तेल आधीच मुरलं असेल तर ते काढायला जाऊ नका, घरी निघत नाही. पुढे लावू नका, एवढंच.

४. पुस्तकाला काय चिकटून आहे?

यालाही पैसा लागत नाही. प्लास्टिकची पिशवी, रेक्झिनचं कव्हर, वर्तमानपत्र, सगळं काढा. प्लास्टिकमध्ये ठेवलेलं सादळलेलं पुस्तक म्हणजे मोदकपात्रातला मोदक. आतली वाफ आतच फिरते. वर्तमानपत्राचा कागद आम्ल सोडतो आणि शाईही सोडतो. फळीवर पुस्तकं खचाखच भरली असतील तर दोन काढा, बोट सहज जाईल इतकी जागा हवी.

डांबरगोळ्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. त्या किड्यांसाठी आहेत, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही, आणि बंद खोलीत तो वास माणसालाही बरा नाही. वेखंडाची पुरचुंडी पोथ्यांच्या रुमालात बांधायची जुनी रीत आहे. तीही किड्यांसाठीच. ठेवायची तर ठेवा, पण ती ओल शोषत नाही.

५. हवा मोजा

इथून खर्च सुरू होतो. दोन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. तोवर घरातला पापड चालेल. भाजलेला उडदाचा पापड रात्री कपाटात, पुस्तकाशेजारी ठेवा. सकाळी मोडताना आवाज आला नाही तर त्या कपाटात पुस्तकाचीही तीच गत होणार.

मापक घेतलात तर आधी त्याची परीक्षा घ्या, स्वस्त यंत्रं सर्रास पाच-दहा टक्के खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात खडेमीठ घ्या, चार थेंब पाण्याने चिखलासारखं करा, पाणी वर तरंगू देऊ नका. झाकण आणि मापक दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी बंद करून रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ८० दिसले तर तुमचा मापक पाच जास्त सांगतो, ते वजा करत चला.

बुरशीची बीजं हवेत कायम असतात, ती हटवता येत नाहीत. आपल्या हातात फक्त ओल आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली की बीजं रुजायला लागतात. ८०-८५ च्या वर तर थोडेच दिवस पुरतात. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये खोलीतली हवा ८५ ते ९० असणं रोजचंच. माझ्या कपाटात मापक पहिल्यांदा ठेवला तेव्हा ९१ होते, ओटीवर ८६. कपाटाच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त ओल! पाऊस बाहेर पडतोय आणि कपाट आतून भिजतंय. तिथे माझी ट्यूब पेटली.

तुमच्याकडे आत आणि बाहेर आकडा सारखाच असेल तर सहावी तपासणी सोडून सातवीवर जा. आत जास्त असेल तर भिंत बघा.

६. चौथा आरोपी

आमच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आणि पुस्तकांचं फडताळ भिंतीतच कोरलेलं, पश्चिमेच्या. पाऊस समुद्राकडून येतो, म्हणजे थेट तिच्यावर. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. वर बाहेरून सिमेंटचा गिलावा. त्याला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं आणि सिमेंटमुळे परत बाहेर सुकत नाही. मग ते घराच्या बाजूने, पुस्तकांच्या पाठीमागून बाहेर पडतं.

त्यात मीठ. समुद्राकाठच्या भिंतीत खाऱ्या वाऱ्याने आणि कधी वाळूतूनच मीठ भरलेलं असतं. वरच्या डब्यातला ७५ चा आकडा आठवा. हवेतली ओल त्याच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं. म्हणून पाऊस न पडताही अशी भिंत हाताला दमट लागते आणि मे महिन्यात तिच्यावर पांढरी फुलं येतात.

तपासणी: फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा. दोन दिवसांनी बघा. पाणी प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला असेल तर ओल भिंतीतून येतेय. पाणी वरच्या बाजूला, खोलीकडे असेल तर ती हवेतली. आमच्याकडे आतून थेंब ओघळत होते.

मग पावसात छत्री घेऊन त्या भिंतीबाहेर पाच मिनिटं उभे राहा. खरंच उभे राहा. आमच्याकडे पन्हळीचा एक सांधा निखळला होता आणि सगळी धार बरोबर फडताळामागच्या चिऱ्यांवर. गवंड्याने तो अर्ध्या दिवसात नीट केला. अकरा वर्षं मी पुस्तक पुसत होतो आणि दुखणं दहा फूट वर होतं.

गळती काढली तरी भिंत सुकायला एक पूर्ण उन्हाळा जातो. तोवर पुस्तकं तिथे नकोत. घराच्या मधल्या भिंतीला, माजघरात वगैरे, लाकडी कपाट ठेवा. भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून निदान वीतभर वर. पलीकडे न्हाणीघर नाही ना, तेही बघा. ज्यांच्या घरी भिंतीतलंच फडताळ आहे त्यांनी त्यात काचेची भांडी ठेवावीत.

७. आता सफाई

भिंत ओली निघाली असेल तर जागा बदलल्याशिवाय सफाई करू नका, कष्ट वाया जातात.

आधी वाळवणं. पुस्तक उभं करून पंख्यासारखं किंचित उघडा आणि खोलीत टेबलफॅन दुसरीकडे तोंड करून लावा. हवा फिरायला हवी, पानं फडफडायला नकोत. दोन-तीन दिवस. उन्हात नाही! आपल्याला सवय असते, आंबोशी, पापड, गाद्या, सगळं उघडीप मिळाली की अंगणात. कातडं मात्र उन्हात पानांच्या आधी सुकतं, आकसतं आणि पुठ्ठे नावेसारखे वाकवतं. चुलीवरच्या शिंकाळ्यात, धुरात ठेवणं तर नकोच. त्याचं कारण खाली ‘लाल भुकटी’त येईल.

वाळल्यावर ब्रशचं टोक टेकवून बुरशी भुकटीसारखी उडायला लागली की पुस्तक घराबाहेर न्या, वाऱ्याकडे पाठ करून बसा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. रंगाऱ्याचा नवा, रुंद, मऊ ब्रश. पुस्तक मिटलेलंच ठेवून आधी वरची कड, मग पाठ, मग पुठ्ठे, हात कायम पुस्तकापासून बाहेरच्या दिशेने. नंतर पुस्तनी आणि पहिली-शेवटची दहा-बारा पानं. पाठीच्या खाचेत बुरशी साचते, तिथे वेळ घ्या. ब्रश साबणाने धुऊन वाळवा. फळ्या ओल्या फडक्याने पुसायला हरकत नाही, पण पूर्ण सुकल्याशिवाय पुस्तक परत नको. डाग राहतील. ते डाग आहेत, बुरशी नाही. घासत बसू नका.

८. कोरडी हवा विकत घेणं

झाकणाच्या मोठ्या पारदर्शक डब्यात सिलिका जेल, हा माझा सध्याचा उपाय. एका मोठ्या डब्यात चार पुस्तकं आणि पातळ कापडी पिशवीत अर्धा किलो जेल, पुस्तकाला न टेकता. रंग बदलणारं थोडं जेल मिसळा म्हणजे कधी भरलं ते कळतं, मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा. आत मापक ठेवा. ४५ ते ५५ हवेत. ४० च्या खाली गेलं तर जेल काढा, कातडं कडक होतं. आणि पुस्तक पूर्ण वाळल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. मोदक आठवा.

बाजारात पाणी गोळा करणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या डब्या मिळतात. त्या काम करतात, पण आत साचतं ते खारट चिकट पाणी असतं. डबी कलंडली की पुस्तक संपलं. माझ्या कपाटात त्यांना बंदी आहे.

कपाटात १५ वॅटचा जुना, तारेचा दिवा लावायची पद्धतही खरी आहे. २७ अंशांवरची ८८ टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापली की तीच हवा ६६ टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच असून. एलईडीने हे होत नाही, तो पुरेसा तापत नाही. पण दिवा सगळ्यात खालच्या रिकाम्या कप्प्यात, जाळीमागे, कागद-कापडापासून लांब हवा, वर हवा जायला फळ्यांना भोकं हवीत आणि घर बंद करून मुंबईला जाताना तो बंद हवा. ओल खेचणारं विजेचं यंत्र सर्वांत चांगलं आणि सर्वांत महाग. वीज गेली की तेही गप्प.

लाल भुकटी

हे बुरशीपेक्षा वाईट, कारण परत फिरत नाही. कातडं विटकरी पिठासारखं सुटतं, कपड्यांना लागतं. हवेतला गंधकाचा धूर कातड्यात शिरून त्याचं आम्ल होतं आणि ते कातडं आतून खातं. मायकल फॅरेडे या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये गॅसच्या दिव्यांनी ग्रंथालयांतली कातडी पुस्तकं खराब होतात हे १८४० च्या दशकातच ताडलं होतं. कोळशाची शेगडी आणि चुलीचा धूर नको तो याचसाठी.

यात एक गोष्ट आपल्या मातीतली आहे. १९०१ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने बांधणीच्या कातड्यावर अहवाल दिला. त्यात लवकर सडणाऱ्या कातड्यांमध्ये हिंदुस्थानातून जाणारी, ‘तुरवार’ सालीत कमावलेली कातडी होती. तुरवार म्हणजे आपला तरवड, माळावर पिवळ्या फुलांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या पुष्कळ साहेबी पुस्तकांची पाठ आपल्याच झुडपाच्या सालीने कमावलेली असते आणि म्हणूनच कुजलेली असते.

घरी एकच करा: कोऱ्या जाड कागदाचं वेष्टण घाला, पुस्तक आडवं ठेवा, कमी हाताळा. ओलं काहीही लावू नका. अशा कातड्यावर पाण्याचा थेंब काळा आणि कडक होतो.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही असेल तर ब्रश खाली ठेवा आणि कागद-संवर्धकाला विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येते.

पुस्तक अक्षरशः भिजलंय आणि चित्रांची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतायत. ही पानं चिकटून वाळली की सुटत नाहीत, हातात दोन दिवसही नसतात. काळी, जांभळी किंवा गुलाबी बुरशी पानांच्या आत उतरलीय. पाठ सुटून शिवण दिसतेय. लाल भुकटीबरोबर कातड्याचे तुकडे पडतायत. भोकांखाली रोज ताजा भुसा दिसतोय. किंवा एक पुस्तक नाही, सगळी खोलीच धरलीय.

कोपऱ्यावरच्या बाइंडरकडे मात्र देऊ नका. माणूस वाईट नसतो, त्याचं काम वेगळं आहे. वकिलांच्या संग्रहातला एक खंड घरच्यांनी आधी असाच दिला होता. परत आला तो तीन बाजूंनी कापून सरळ केलेला, समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी अर्ध्या गेलेल्या, मोरचूद घातलेल्या खळीने चिकटवलेलं चकचकीत लाल रेक्झिन. जुनी पाठ कुठे गेली विचारलं तर म्हणाला, ती कुजलेली होती, टाकली.

संवर्धकाकडे नेताना सुटलेला प्रत्येक तुकडा कागदाच्या पाकिटात घालून बरोबर न्या, पुस्तक सुती कापडात बांधा, गाडीत आडवं ठेवा. फोटो आधी काढा. आणि खोबरेल लावलं असेल तर तसं स्पष्ट सांगा, कधी आणि किती वर्षं ते. मी सांगितलं तेव्हा त्या बाई हसल्या नाहीत, फक्त वहीत लिहून घेतलं.